लोहाराचा पंखा

आमच्या गावातल्या दोन म्हाताऱ्यांचं भांडण त्यांच्या जन्माच्याही आधीपासून चालू होतं. गाव म्हणजे आयर्लंडच्या उत्तर टोकाला, डोनेगलमधल्या एका लांबलचक खाडीवरचं बंदर. नवऱ्याची नोकरी लेटरकेनीच्या हॉस्पिटलात. तिथे घर मिळेना, म्हणून गाडीच्या भरवशावर आम्ही इथे येऊन पडलो. इथे एक धक्का आहे, एक चर्च आहे, गरजेपेक्षा जास्त पब आहेत, आणि एक वाद आहे: जहाजाला पाण्याखालून ढकलणारा पंखा पहिल्यांदा कुणी केला, लोहाराने की बोटमालकाने?

या शोधाचे दावेदार देशोदेशी पडलेत, प्रत्येक देशाला आपापला एक आहे, हे मी सुरुवातीला सांगून पाहिलं. गावाला जगाशी कर्तव्य नव्हतं. जग गेलं खड्ड्यात, लोहार की मालक एवढं बोला.

गोष्ट अशी. त्या काळी जहाजं शिडावर चालत. नुकतीच आलेली वाफेची जहाजं दोन्ही कुशींना मोठाली चाकं लावून पाणी कापत, आणि लाटा उसळल्या की एक चाक हवेत फिरे, दुसरं पाण्यात, जहाज आपलं वाकडंतिकडं. आमच्या बंदरात बोटी बांधणारा एक मालक होता आणि त्याच्या पदरी एक लोहार. दोघांपैकी कुणाच्या तरी डोक्यात आलं की ही चाकं काढून टाकावीत आणि मागच्या बाजूला, पाण्याखाली, फिरणारं मळसूत्र लावावं. त्यांनी एक लहान बोट केली. आत बसून हाताने दांडा फिरवायचा. ती खाडीत चालली. इथपर्यंत दोन्ही घराण्यांचं एकमत आहे.

मालकाच्या वंशजांचं म्हणणं, कल्पना मालकाची. त्याचं मळसूत्र लांब होतं, चकलीच्या सोऱ्याला असतं तसं, पुरते दोन वेढे असलेलं. लोहाराने लोखंड वाचवायला ते आखूड केलं आणि मग हा माझाच शोध म्हणून बोंबलत सुटला. लोहाराच्या वंशजांचं म्हणणं नेमकं उलटं. लोहाराने विचार करूनच दोन रुंद पात्यांचा आखूड पंखा घडवला होता, कारण लांब मळसूत्र पाणी ढकलण्यापेक्षा घुसळतंच जास्त. मालकाने तो पाहिला, श्रेय लाटलं, आणि चोरी ओळखू येऊ नये म्हणून लांब करून मिरवला. दोघंही एकमेकांचं तोंड न बघता मेले. त्यांच्या पुढच्या पिढ्या चर्चमध्ये एका रांगेत बसत नाहीत.

लोहाराचे खापरपणतू आमचे शेजारी. आयुष्यभर मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केलेले, बायको गेल्यावर एकटे राहणारे आजोबा. मालकाचे खापरपणतू बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, धक्क्यासमोरच्या पांढऱ्या घरात राहतात. आजोबा त्यांचं नाव कधीच घेत नसत. नुसतं ‘युअर मॅन’ म्हणत, म्हणजे ‘तो गृहस्थ’. इथली बोलण्याची पद्धतच आहे ती, पण मला दर वेळी जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत ते आठवे. तसं मी एकदा सांगितलं तर आजोबा इतके हसले की खोकला लागला. मग गंभीर होऊन म्हणाले, “त्या बायकांना निदान तो माणूस आवडत असेल.”

मी कोल्हापूरची. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. मी इंजिनिअर झाले, पुण्याला पंपाच्या कंपनीत इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारी फिरती पाती, डिझाइन करत होते, आणि आयर्लंडला आल्यावर डॉक्टरांची बायको झाले. हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही. तेव्हा मात्र पुष्कळ कुरकुरत होते. एक दिवस आजोबांच्या शेडमधून लेथचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. कुंपणापाशी जाऊन उभी राहिले आणि न राहवून म्हटलं, तुमचं टूल बोथट झालंय. त्यांनी मशीन बंद केलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “मग आत ये आणि घास.”

अशी मी त्या भांडणात गेले. रिकाम्या हातांना काम मिळालं म्हणून गेले, दुसरं काही नाही.

त्याच सुमारास गावच्या इतिहास समितीने धक्क्यावर दगडी पाटी लावायचं ठरवलं. पाटीवर एकच नाव बसणार होतं. पुरावा कुणाकडेच नव्हता, आणि कुणाचं नाव लावलं तरी निम्मं गाव रुसणार होतं. तेव्हा पबमध्ये कुणीतरी तोडगा काढला. ऑगस्टमधल्या बोटींच्या जत्रेत दोन सारख्या लहान बोटी करायच्या. मोटर तीच, बॅटरी तीच, बोटीचा सांगाडा तोच. एकीला लोहाराचा आखूड पंखा, दुसरीला मालकाचं लांब मळसूत्र. शेपटीला शेपटी दोराने बांधायची आणि सोडायची. जी दुसरीला ओढत नेईल तिचं नाव पाटीवर. जुन्या काळी चाकांचं जहाज आणि पंख्याचं जहाज असंच बांधून जोर बघितला होता म्हणे. आता, कुठला पंखा जोरदार आणि कुणी आधी शोधला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. पण आजोबांना ते पटलं. “आखूड पंखा जास्त चांगला असेल, तर तो लोखंड वाचवायला केलेला नाही,” ते म्हणाले. “मग युअर मॅनची अख्खी गोष्टच कोसळते.” हे मात्र खरं होतं.

आजोबांचे हात थरथरत. त्यामुळे पंखा मी केला. ते सांगत, मी करत असे. पितळेचं पातं किती पिळायचं यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी कागदावर हिशेब मांडला, त्यांनी तो न बघता डोळ्यांनी मोजलं, आणि शेवटी आम्ही दोघांच्या मधलं केलं. लांब मळसूत्र या आकाराच्या बोटीवर आखूड पंख्यापुढे टिकणार नाही याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पाण्याच्या टाकीत चाचणी घेतली, बोटीने दोराला असा हिसका दिला की टाकीची कड हलली. मी आजोबांना म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? त्यांना अर्थ समजावून सांगितला, तर ते पुढे दोन दिवस बायकोच्या जुन्या बांगड्यांबद्दल बोलत राहिले. ते दिवस माझे इथले सर्वांत सुखाचे दिवस होते. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ अडखळते.

त्या उन्हाळ्यात आई आली होती. साडीवर स्वेटर, पायात माझ्या नवऱ्याने घेऊन दिलेले स्पोर्ट्स शूज, आणि बॅगेत तूप, भाजणी, हळदकुंकू, सुपाऱ्या, नाडाछडीचं रीळ. तिला इंग्रजी येत नाही आणि त्याचं तिला काही वाटतही नाही. पहिल्या दिवशीच तिने आजोबांची शेड पाहिली, लेथवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, “तुझ्या बाबांचं जुनं मशीन असलंच होतं की.” त्यानंतर ती रोज शेडमध्ये येऊन बसे. ती कोल्हापुरी बोले, आजोबा डोनेगलचं इंग्रजी बोलत, आणि मधे मी. खरं सांगायचं तर दोघांचं निम्मंच एकमेकांपर्यंत पोचे, कारण मी मला सोयीचं तेवढंच पोचवत असे.

जत्रेच्या आदल्या दिवशी बोट तयार झाली. आई हळदकुंकवाचा करंडा घेऊन हजर. “नवं मशीन असं कोरडं सुरू करायचं न्हाई,” ती म्हणाली. “मी बांधतो दोरा.” आमच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला प्रत्येक मशीनला हे व्हायचं. हळदकुंकू, फूल, आणि अंगावर कुठेतरी लाल-पिवळा दोरा. मी आईला खुणेने नको म्हटलं. पण आजोबा मजेत होते. “ग्रँड,” म्हणाले, “आपल्याला मिळेल तेवढी मदत हवी आहे.” आणि आत जाऊन ते स्वतःच एक बाटली घेऊन आले. पलीकडच्या डोंगरातल्या पवित्र विहिरीचं पाणी. आईने बोटीच्या नाकाला नाडाछडी बांधली, कुंकू लावलं, आजोबांनी पाणी शिंपडलं, आणि दोघं एकमेकांकडे बघून समाधानाने हसले. त्या शेडमध्ये लाज फक्त मला वाटत होती.

सकाळी बोट गाडीत ठेवून मी धक्क्यावर नेली. गाव लोटलं होतं. नवऱ्याच्या हॉस्पिटलातली माणसं होती, माझ्या मुलीच्या वर्गातल्या मुलांच्या आया होत्या. मॅनेजरांची बोट टेबलावर मांडलेली, गडद निळी, चकचकीत, जणू काचेच्या कपाटातून आत्ताच काढलेली. आणि माझ्या हातातल्या बोटीच्या नाकावर कुंकवाचा डाग आणि लोंबणारा लाल दोरा. आता कुणीतरी विचारणार, हे काय? मग मी सांगणार, आणि ते ‘हाऊ लव्हली’ म्हणणार, आणि मग शाळेच्या फाटकाशी कुणी ते दुसऱ्या कुणाला हसत सांगणार. कुंकू रुमालाने पुसलं. दोरा सोडला. सोडला तर खरा, पण टाकवेना. आईने बांधलेला, देवाचा. खिशात घालावा तर तेवढंही सुचलं नाही, की बोटीवरून तो पुरता काढून घ्यायची हिंमत झाली नाही, कोण जाणे. ना धड श्रद्धा, ना धड अश्रद्धा, अशा माणसाने करावं तेच मी केलं. बोटीचं झाकण उघडून दोरा आत मोटरच्या बाजूला खुपसला आणि झाकण लावलं. माझ्या मते मी सगळ्यांचं मन राखलं होतं.

“दोरा कुठाय?” आईने लगेच विचारलं.

“आत ठेवलाय. भिजेल म्हणून.”

“दोरा भिजला तर काय हुतंय?” ती म्हणाली, पण तेवढ्यात शिट्टी झाली.

सुरुवातीला आमची बोट सरळ निघाली. दोर ताणला गेला, निळी बोट उलटी, फरफटत मागे यायला लागली. आजोबांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखला. लोक ओरडत होते. आणि मग मोटरचा आवाज उतरला. बाकी कुणाला तो कळला नसेल. मला कळला. मोटर दमली की वेगळा आवाज येतो, आणि शाफ्टला काहीतरी गुंडाळलं जात असलं की वेगळा येतो. वडिलांच्या दुकानात लेथवर फिरणाऱ्या जॉबवर चिंधी गुंडाळली गेली की ते नुसत्या आवाजावर धावत जाऊन स्विच बंद करायचे. मीही धावू शकले असते. ‘थांबा’ म्हणू शकले असते. मी तिथे उभी राहिले, कारण थांबा म्हटलं असतं तर गावासमोर झाकण उघडावं लागलं असतं.

आमची बोट थबकली, हळूहळू मागे ओढली गेली आणि हद्द म्हणून लावलेल्या झेंड्याच्या पलीकडे गेली. टाळ्या पडल्या. मॅनेजर स्वतःच चकित झालेले दिसले. मी गुडघाभर पाण्यात उतरून आमची बोट उचलली, पाठ लोकांकडे केली, झाकण उघडलं. मोटर आणि शाफ्टच्या सांध्याला दोरा लपेटून लपेटून घट्ट बसला होता. मी तो नखांनी ओरबाडून काढला आणि जॅकेटच्या खिशात घातला. एवढं सगळं मी केलं. लपवला मी, अडकला माझ्यामुळे, आणि पुरावाही मीच काढून घेतला. मूग गिळून पाण्याबाहेर आले.

आजोबा मलाच समजावत होते. “तुझा दोष नाही. तू पंखा अगदी सांगितला तसा केलास. वस्तूच दुबळी होती.” आई मागे उभी राहून विचारत होती, “हरलो व्हय? कसं काय?” मी म्हटलं, समोरची बोट जोरात होती.

पुढे मी ते जॅकेट विसरून मशीनमध्ये टाकलं आणि नवऱ्याचे दोन शर्ट गुलाबी झाले. “हे काय?” त्याने विचारलं. चोराच्या मनात चांदणं, मी एवढ्याशा प्रश्नावर त्याच्यावर डाफरले. मग रात्रीचं जेवण करता करता त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अगं, इट्स ए टॉय बोट. लोकं विसरतील. आता कशाला उगाच?” मला हेच ऐकायचं होतं, त्यामुळे मी त्याचं ऐकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आजोबा विसरले नाहीत. शेडचं दार लागलं ते उघडेना. एकदा मला बोलावून म्हणाले, हे लेथ तू घेऊन जा, मला आता काही करायचं नाही. मी नको म्हटलं. ते म्हणाले, “मला आयुष्यभर वाटायचं की आमच्या घरात एकच मोठी गोष्ट घडली आणि ती चोरीला गेली. आता कळतंय की घडलीच नव्हती.” मी तेव्हाही गप्प बसले. वाटलं, पाटी बसू दे, मग सांगू. पाटी बसल्यावर सांगून काय उपयोग, हा विचार माझ्या मनात आलाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

पाटीच्या दिवशी मालकाचं नाव कोरलेला दगड सगळ्यांनी पाहिला, मॅनेजर चार शब्द बोलले, चांगले बोलले. आणि मग कुणी बोलावलं नसताना आजोबा पुढे झाले. टोपी काढली. म्हणाले, “आमच्या घराने पावणेदोनशे वर्षं या घराण्याला चोर म्हटलं. माझ्या खापरपणजोबाने खोटं सांगितलं, आणि आम्ही ते पोरांना शिकवलं. मी माफी मागतो.” मॅनेजरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. बायका डोळे पुसत होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण न वाजवणारी मी एकटीच दिसले असते.

आईचं विमान जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, शेजारच्या बाबांना भेटून येऊ. बेसनाचे लाडू केले, डबा घेतला. आजोबांनी स्वयंपाकघरात बसवलं, प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, चांगले कप काढले. थोडं इकडचं तिकडचं झालं. आणि मग आई म्हणाली, “त्यास्नी विचार, बोटीतला दोरा पाण्यात सोडला का? काम झालं की सोडायचा असतोय. आत तसाच ठेवलाय तू.”

“नंतर विचारते.”

“आत्ता विचार की. समोर तर बसल्यात.”

“काय म्हणतेय तुझी आई?” आजोबांनी विचारलं.

सगळा उन्हाळा मी या प्रश्नाला काहीही उत्तर देत आले होते. याही वेळी ‘चहा छान झालाय म्हणते’ एवढं म्हटलं की सुटले असते. तोंड उघडलं तेच म्हणायला. पण आजोबा आईकडे पाहून आधीच हसत होते, ती जे काही म्हणाली असेल ते चांगलंच असणार म्हणून. माझ्याच्याने झालं नाही. मी त्यांना आईचा प्रश्न सांगितला, आणि मग दोऱ्याचं सगळं सांगितलं. धक्क्यावरचं, झाकणाचं, मोटरच्या आवाजाचं, खिशाचं.

ते उठले, किटली भरली, ती चालू न करताच परत बसले.

“तू तेव्हाच पाहिलंस?”

“हो.”

“तिथेच? पाण्यात उभी असताना?”

“हो.”

“आणि मग तो माफी मागताना तिथे उभी राहिलीस.” ते स्वतःबद्दल ‘तो’ म्हणत होते, दुसऱ्याच कुणा माणसाबद्दल बोलल्यासारखं. “मी त्या गरीब लोहाराला सगळ्या गावासमोर खोटारडा म्हटलं, बाई.”

मी म्हटलं, “मी सांगते सगळ्यांना. समितीला सांगते.”

“काय सांगशील? आम्ही दोऱ्यामुळे हरलो? हरलेली माणसं असलंच काहीतरी सांगतात.” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “सांगशील? खरंच? तुझी आई तिथे बसलेली असताना?”

मी हो म्हटलं. पण त्याआधी क्षणभर थांबले, आणि ते थांबणं त्यांनी पाहिलं.

“काय झालंय?” आई विचारत होती. “दोऱ्याचं काय म्हणतायत?”

“तिला सांग,” आजोबा म्हणाले.

मग तिलाही सांगितलं. नाकावरून दोरा का सोडला ते सांगताना मी ‘लोक काय म्हणतील म्हणून’ असं म्हटलं. आई एवढी भोळी नाही. तिने माझं पुरतं ऐकून घेतलं, उठली, पदर सावरला आणि आजोबांना हात जोडले. “सांग त्यास्नी. म्हातारीचं चुकलं. मी बांधायलाच नको हुता.”

हे मला माझ्या तोंडाने इंग्रजीत सांगावं लागलं. आजोबा दोन्ही हात हलवत नाही, नाही म्हणत राहिले. मग त्यांनी डबा पुढे ओढला, एक लाडू घेतला आणि आईकडे बघत तो अख्खा खाल्ला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

आमचं घर शेजारीच. दारात आई बूट काढायला वाकली तशी म्हणाली, “माझी लाज वाटत हुती तर आधी सांगायचं. मी घरात बसलो असतो.” रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. ती अगदी सरळ म्हणाली, एखादी साधी सोय सुचवल्यासारखी. मग आत जाऊन बॅग भरायला लागली. मी दारात बसून रडले, आणि मला माझीच शिसारी आली.

आई गेल्यावर समितीची बैठक झाली तिथे मी गेले. आजोबा आले नव्हते. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. वाक्यं आधी पाठ केली होती, त्यामुळे अडखळले नाही. दोरा कसला, का बांधतात, मी तो का लपवला, काही सोडलं नाही. सांगून झाल्यावर एक बाई म्हणाली, “गॉड लव्ह यू.” दुसऱ्या कुणी मान हलवली. मॅनेजर उठून माझ्यापाशी आले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, “त्याला बरं वाटावं म्हणून तू इथवर आलीस. असा शेजार मिळायला भाग्य लागतं. पण अगं, तो आणि मी आता रोज सोबत फिरायला जातो. त्याने स्वतः मान्य केलंय. आता हे राहू दे.”

मी त्यांना काही खोटं सांगितलं नव्हतं, आणि तरी त्यांनी माझं खरं हे माझा चांगुलपणा म्हणून घेतलं. आजोबांची बोट अजून शेडमध्ये होती, मॅनेजरांची त्यांच्या गॅरेजमध्ये. ‘चला, आत्ता परत दोर बांधू’ एवढंच म्हणायचं होतं. पंखा मी केलेला, तो जिंकणार हे मला ठाऊक होतं. पण सगळे माझ्याकडे इतक्या मायेने बघत होते. इथे आल्यापासून या गावाने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी माझ्यापुढे चहा ठेवला. मी तो प्यायले.

घरी येऊन आईला व्हिडिओ कॉल लावला. ती वर्कशॉपच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होती.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग? काय म्हणाली लोकं?”

“मी फार चांगली आहे म्हणाले.”

तिचा हात थांबला. तिने फोन जवळ घेतला, इतका की मला फक्त तिचा चष्मा दिसत होता.

“आणि तू परत गप्प बसलीस व्हय?”

मी हो म्हटलं.